डॉक्टरीणबाईंच्या कामाचं वजन

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे नक्की कोण, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आपल्या दंडाला रबरी नळी बांधून "मूठ आवळा" असं सांगतो तो, अशी माझी समजूत होती. या समजुतीनं माझं काही बिघडलं नव्हतं, आणि तो जो कोणी होता त्याचंही नव्हतं. पण हंबीररावांचा फोन आला आणि एका महिन्यात माझं त्या विषयातलं अज्ञान इतकं वाढलं की आता मला कुणी "पॅथॉलॉजिस्टला काम किती असतं हो?" असं विचारलं तर मी आधी खाली बसतो.

मी सबनीस. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन टिपायचं, रिकामी झाली की पुन्हा घ्यायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. आमच्या भागात "मी काट्यावर होतो" असं सांगितलं की ऐकणारा माणूस एक क्षणभर आपल्याकडे विशिष्ट नजरेनं बघतो. काटा मारणे, म्हणजे वजनात चोरी करणे, हा शब्द त्याच्या ओठावर आलेला असतो, सभ्यपणामुळे तो गिळतो. ती नजर मी एकतीस वर्षं झेलली, पण एका किलोचा डाग लावून घेतला नाही. हंबीरराव त्या वेळी कारखान्याचे संचालक होते, तरी त्यांच्याही उसाला मी कधी झुकतं माप दिलं नाही. त्या वेळी त्यांना त्याचा राग यायचा. निवृत्तीनंतर मात्र त्याच रागाचा त्यांच्या मनात आदर झाला होता, आणि तो आदरच मला नडला.

हंबीरराव आता एका धर्मादाय ट्रस्टचे अध्यक्ष आहेत. ट्रस्टची दोन रुग्णालयं, एक सांगलीत आणि एक साताऱ्यात. दोन्हीकडे एकेक पॅथॉलॉजिस्ट.

"सांगलीची डॉक्टरीणबाई म्हणती, काम झेपत न्हाई, आणखी एक डॉक्टर द्या," हंबीरराव फोनवर म्हणाले. "कमिटीतली माणसं म्हणत्यात, हायत त्या दोघांतलाच एक जादा हाय, दोन्हीकडचं काम एकानं करावं. दुसऱ्याला घरी बसवा. आता खरं कोण, ते तुमी मोजून सांगा."

मी म्हटलं की मला उसातलं कळतं, डॉक्टरकीतलं नाही. त्यावर ते म्हणाले, "मोजणं ते मोजणं. त्यात आणि काय असतंय?"

चार दिवसांनी ट्रस्टचं पत्र आलं. 'कार्यभार मापन अधिकारी (मानद)' अशी माझी नेमणूक झाली होती. एकतीस वर्षांत मला कुणी अधिकारी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते पत्र मी राजेश्वरीला, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं की ते डॉक्टर लोक आजारी माणसांना सोडून तुमच्याकडे लक्ष देणार कधी. शेजारचे मानसिंग सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले आहेत. कुठल्याही विषयावर त्यांचा सल्ला तयार असतो. ते कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "आवं सबनीससाहेब, आमच्यात काम मोजत न्हाईत. मानसं मोजत्यात. सकाळी एकदा आणि सांजच्याला एकदा. आकडा तेवढाच भरला की काम झालं." मी त्यांना म्हटलं की इथं माणूस एकच आहे. ते म्हणाले, मग तर लय सोपं हाय.

सोमवारी सकाळी नवी वही, दोन पेनं आणि पट्टी घेऊन मी सांगलीच्या रुग्णालयात गेलो. पॅथॉलॉजी जिन्याखालच्या दोन खोल्यांत होती. बाहेरच्या खोलीत मयूरी नावाच्या तंत्रज्ञ होत्या, पंधरा वर्षं तिथंच काम करणाऱ्या. आतल्या खोलीत डॉक्टर उमा. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर, डोळे मायक्रोस्कोपला लावलेले. त्यांनी माझं पत्र वाचलं, एक स्टूल दाखवलं आणि पंधरा मिनिटांत मला माझ्या अज्ञानाची पहिली ओळख करून दिली.

रक्तबिक्त काढणारी मंडळी वेगळी. पोटातून, मानेतून, छातीतून सर्जन जे काही काढतात, ते बरणीत घालून इकडे येतं. डॉक्टर उमा त्याचे नेमके तुकडे निवडतात. मयूरी त्या तुकड्यांचे कागदाहून पातळ काप काढून काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, चिकटवतात आणि रंगवतात. मग डॉक्टर उमा ती स्लाइड बघून सांगतात की हे काय आहे. साधं आहे की कॅन्सर आहे. पुढचे सगळे डॉक्टर त्या एका कागदावर चालतात. पेशंटला मात्र या बाई कधी दिसतच नाहीत.

"समजलं," मी म्हणालो आणि वही उघडली. "रोज किती?"

"किती काय?" त्यांनी विचारलं.

"काम."

"पेशंट सांगू, बरण्या सांगू, की स्लाइडी?"

काट्यावर असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ऊस टनात. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि तो दिवस विचारात गेला. संध्याकाळी रजिस्टरवरून एकोणीस हा आकडा उतरवून घेतला आणि साताऱ्याच्या डॉक्टर अनीशना फोन केला. ते तरुण, तुटक बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "बासष्ट."

मला वाईट वाटलं. डॉक्टर उमांनी मला दोनदा चहा दिला होता. पण वजन ते वजन. भिंतीपलीकडून मानसिंगांनी निकाल देऊन टाकला की साताऱ्याचा ठेवा, सांगलीच्या बाईंना निरोपाचा नारळ द्या.

तरी खात्री करावी म्हणून बुधवारी मी एसटीनं साताऱ्याला गेलो. जाताना डॉक्टर अनीशसाठी भडंग घेतलं. तिथं कळलं की साताऱ्याचे बासष्ट म्हणजे स्लाइडी, आणि सांगलीचे एकोणीस म्हणजे पेशंट. गाडी एकीकडे टनात आणि दुसरीकडे मोळ्यांत मोजली होती. मग मी बसस्टँडवर बाकड्यावर बसून नीट मांडणी केली. सांगली: पेशंट एकोणीस, स्लाइडी चौऱ्याहत्तर. सातारा: पेशंट एकतीस, स्लाइडी बासष्ट. म्हणजे पेशंट धरले तर सातारा बारानं पुढे, स्लाइडी धरल्या तर सांगली बारानं पुढे. दोन्हीकडे फरक बाराचाच, फक्त उलटा. असा हिशोब मी जन्मात पाहिला नव्हता. त्या गोंधळात माझी घरची, म्हणजे इस्लामपूरची, गाडी चुकली आणि डॉक्टर अनीशनी राजेश्वरीसाठी दिलेल्या कंदी पेढ्यांतले चार पेढे मी स्टँडवरच खाल्ले.

डॉक्टर अनीशना मी फोनवर ही अडचण सांगितली. ते म्हणाले, "काका, माझ्याकडे मेढ्याकडून, जावळीतून बारीकसारीक तुकडे येतात. मॅडमकडे मोठी ऑपरेशनं येतात. स्लाइड म्हणजे सगळ्या सारख्या नसतात." मग सारखं काय असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तेच कळलं तर मलाही सांगा."

रात्रभर विचार करून मी ठरवलं की आपण आपल्या विद्येला चिकटून राहावं. गाडी लहान असो की मोठी, काटा फसत नाही. मी वजन करणार होतो.

यासाठी राजेश्वरीचा स्वयंपाकघरातला लहान इलेक्ट्रॉनिक काटा पिशवीत घातला. केकचं पीठ मोजायला मुलीनं तिला दिलेला. पुढच्या सोमवारी सकाळी डॉक्टर उमा यायच्या आधी, मयूरी आतल्या यंत्रापाशी असताना, मी टेबलावरच्या सत्तावीस बरण्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. त्यातल्या औषधी पाण्याचा, म्हणजे फॉर्मॅलिनचा, वास इतका उग्र की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण मी एकही आकडा चुकवला नाही. रिकाम्या बरणीचं वजन वजा, पाण्याचं वजन अंदाजे वजा. गर्भाशय, सहाशे चाळीस ग्रॅम. पित्ताशय, अठ्ठेचाळीस. अपेंडिक्स, नऊ. कामाला शिस्त हवी म्हणून बरण्या परत ठेवताना जड ते हलकी अशा ओळीनं लावल्या. सुंदर दिसत होत्या.

सत्ताविसावी म्हणजे एक लहानशी नळी होती. तिच्यात सुतासारखे चार धागे तरंगत होते. वजाबाकी केली, शून्य. काट्यावर टिचकी मारली. शून्य. नळीवर नाव होतं हरणाबाई, गाव कवठे महांकाळजवळचं.

तेवढ्यात मयूरी बाहेर आल्या. मी लावलेल्या ओळीकडे बघून त्या आधी काहीच बोलल्या नाहीत, आणि मला ते कौतुक वाटलं. मग कळलं की प्रत्येक बरणीखाली तिचा अर्ज ठेवलेला होता आणि अर्ज जागेवर राहून बरण्या हलल्या होत्या. नावं बरण्यांवर लिहिलेली होती म्हणून कुणाचं काही कुणाला गेलं नाही. पण डॉक्टर उमा आल्यावर दोघींनी प्रत्येक बरणी आणि प्रत्येक अर्ज पुन्हा पडताळला, एकीनं वाचायचं आणि दुसरीनं बघायचं. एक तास चाळीस मिनिटं लागली. मी कोपऱ्यात उभा राहून ती वेळ टिपली आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'जादा काम, कारण: मोजणी.'

डॉक्टर उमा रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुपारी टेबलावर मयूरींच्या अक्षरात पाटी लागली, 'बरण्यांना कोणीही हात लावू नये.' त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि तिघांपैकी दोघींना बरण्यांना हात लावल्याशिवाय काम करता येत नव्हतं. उरलेला कोण, हे मला गणित येत असल्यामुळे लगेच कळलं. घरी राजेश्वरीनं काटा कुठून कुठे फिरून आला हे विचारलं, मी सांगितलं, आणि तिनं तो फाटकाबाहेरच ठेवायला लावला.

एवढं करून वजनानंही साथ दिली नाही. ते सहाशे चाळीस ग्रॅम डॉक्टर उमांनी सगळं धरून पस्तीस मिनिटांत संपवले. नऊ ग्रॅमचं अपेंडिक्स पाच मिनिटांत. आणि ते शून्य ग्रॅम सोमवारपासून त्यांच्या टेबलावर येऊन पडलं ते उठेचना.

त्याआधी शनिवारी मी वेळ मोजायची पद्धत सुरू केली होती. स्टूल त्यांच्या मागे घेऊन, मोबाइलवरचं घड्याळ लावून मी बसायचो. पाहणे, लिहिणे, फोन, चहा, असे चार रकाने. पण त्या एखादी स्लाइड कधी संपवतात हे मागून कळत नाही, म्हणून मला विचारावं लागायचं, "झालं?" तिसऱ्या वेळी त्या वळून शांतपणे म्हणाल्या, "सबनीसकाका, तुम्ही 'झालं?' म्हटलं की मी पुन्हा पहिल्यापासून बघते." म्हणजे घड्याळात जे वाढत होतं ते त्यांचं काम होतं की माझं, हा नवा प्रश्न उभा राहिला.

शिवाय त्या मधेच खिडकीबाहेर बघायच्या. खिडकीबाहेर रुग्णालयाची सायकल ठेवायची जागा होती, बघण्यासारखं काही नव्हतं. मी पाचवा रकाना आखला, 'खिडकी'. मंगळवारी त्या रकान्यात चौदा मिनिटं जमली तेव्हा मी न राहवून विचारलं की या वेळेत काय चालू असतं.

"हरणाबाई," त्या म्हणाल्या.

मग सहावा रकाना, 'विचार'. आता अडचण अशी झाली की त्या दुसऱ्याच कुणाची स्लाइड बघत असतानाही मी विचारलं की मनात कोण आहे, तर उत्तर हरणाबाई. त्या वेळी एका मिनिटात दोन मिनिटांचं काम होत होतं. मी दोन्ही रकान्यांत लिहिलं. बुधवारी सकाळी त्या म्हणाल्या की काल संध्याकाळी भाकरी थापतानाही तेच डोक्यात होतं. मी तीही वेळ धरली. पाळीव विचार असता तर खोलीत ठेवून गेल्या असत्या, पण तसा तो नव्हता.

हरणाबाईंची हकीकत अशी. बावन्न वर्षांची बाई, छातीत गाठ. सुईनं चार धागे काढून इकडे पाठवले होते. रुग्णालयाचे सर्जन डॉक्टर दिग्विजय यांनी गुरुवारी ऑपरेशनची वेळ धरून ठेवली होती, मोठं ऑपरेशन. फक्त डॉक्टर उमांच्या कागदाची वाट होती. मंगळवारी ते दारात येऊन विचारून गेले. संध्याकाळी पुन्हा आले, आणि या वेळी आवाज चढलेला होता. एवढ्याशा तुकड्याला दोन दिवस लागतात का, असं ते म्हणाले. माझ्या मनातही नेमकं तेच होतं, मी फक्त मानद असल्यामुळे बोललो नव्हतो.

"कॅन्सरसारखं दिसतंय," डॉक्टर उमा म्हणाल्या. "पण सारखं दिसतंय. मला अजून खोलचे काप हवेत आणि अनीशला दाखवायचंय. तोवर मी सही करणार नाही."

बुधवारी मी साताऱ्याला जाणारच होतो. डॉक्टर उमांनी स्लाइडींची लहान लाकडी पेटी माझ्या हातात दिली आणि सांगितलं की आडवी धरा, पिशवीत टाकू नका. एकतीस वर्षांत लाखो टन ऊस माझ्या समोरून गेला, पण मला कुणी काही हातात धरून न्यायला दिलं नव्हतं. एसटीत मी ती पेटी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलो. गतिरोधक आला की मी सीटवरून आपला आपणच थोडा वर उठायचो, म्हणजे धक्का मला बसेल आणि पेटीला नाही. कऱ्हाडला सगळे चहाला उतरले, मी उतरलो नाही. शेजारच्या माणसानं आत काय आहे असं विचारलं. मी म्हटलं, काच. तो म्हणाला, मग एवढं काय. मी पेटी आणखी घट्ट धरली.

डॉक्टर अनीशनी भडंगाकडे पाहिलंही नाही. पन्नास मिनिटं ते त्या स्लाइडींवर होते. मग त्यांनी डॉक्टर उमांना फोन लावला आणि दोघं पंचवीस मिनिटं इंग्रजीत बोलले. मला त्यातलं 'हो' आणि 'नाही' एवढंच समजलं, आणि दोन्ही सारख्याच वेळा आले. फोन ठेवल्यावर मी वही पुढे केली. हे काम सांगलीच्या खात्यात धरू की साताऱ्याच्या? दोघांच्या धरलं तर एकच काम दोनदा मोजलं जातं, आणि अर्धं अर्धं केलं तर अर्धा पेशंट कसा लिहायचा?

डॉक्टर अनीश पहिल्यांदाच हसले. "काका, त्या हरणाबाईंनाच विचारा," ते म्हणाले. "दोनदा झालेलं चालेल का म्हणावं."

ते जे काही ठरलं होतं ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तो माझा रकाना नव्हता.

गुरुवारी सकाळी मी लवकर पोचलो. मयूरींनी छापलेला अहवाल टेबलावर ठेवला होता आणि डॉक्टर उमा वर ऑपरेशन थिएटरकडे डॉक्टर दिग्विजयांना सांगायला गेल्या होत्या. मी तो कागद नोंदीसाठी हातात घेऊन बाहेरच्या बाकाशी आलो. तिथं एक बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, शेजारी त्यांची नणंद. माझा चष्मा, माझी फाइल आणि माझे पांढरे केस पाहून त्या उठून उभ्या राहिल्या.

"आवं डाक्टर, म्या हरणाबाई. काय निगालं वं?"

मी डॉक्टर नाही हे मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी कागदाकडे पाहिलं. मधोमध ठळक अक्षरांत दोन इंग्रजी शब्द होते. स्क्लेरोझिंग अॅडिनोसिस. ते मला एका दमात वाचताही आले नाहीत. इतके लांब शब्द चांगल्या बातमीसाठी कोण वापरेल? माझं तोंड उतरलं असणार. हरणाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, बाकाला हात लावला आणि बाक सोडून खाली फरशीवरच बसल्या. रडल्या नाहीत. नणंदेला म्हणाल्या, "मला आदीच म्हाईत हुतं. शेरडं कुनाकडं द्यायची त्ये बग."

मी धावत जिना चढलो. एकसष्टाव्या वर्षी माणसानं तसं धावू नये. डॉक्टर उमा अर्ध्या जिन्यात भेटल्या. मी काहीतरी असंबद्ध बोललो, त्यांना 'हरणाबाई' आणि 'फरशी' एवढंच कळलं असेल. त्या माझ्या बाजूनं खाली गेल्या आणि पदर सावरून हरणाबाईंशेजारी फरशीवर बसल्या.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "साधी गाठ आहे. नाव मोठं आहे, पण गाठ साधी आहे. आज ऑपरेशन नाही. डॉक्टर दिग्विजय अधूनमधून तपासत राहतील, तेवढं यायचं."

हरणाबाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. डॉक्टर उमांनी तिन्ही वेळा तितक्याच सावकाश सांगितलं. मग हरणाबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मग ह्यो डाक्टर असं मयताला आल्यागत तोंड करून का हुबा राह्यला?"

"ते डॉक्टर नाहीत," डॉक्टर उमा म्हणाल्या. "ते आमचं काम मोजतात."

हरणाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्या नजरेपुढे काट्यावरची ती जुनी नजर काहीच नव्हती. दोघी बोलत राहिल्या, शेरडं किती, पाऊस किती, पोरीचं लग्न कुठं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ लावायचं विसरलो होतो. वहीत त्या सकाळची ओळ अजून कोरी आहे.

पुढे पंधरा दिवस मी इमानानं मोजत राहिलो आणि चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल तयार केला. तक्ता अ पासून तक्ता ठ पर्यंत. कमिटीची बैठक सांगलीच्या रुग्णालयातच होती. दोन्ही पॅथॉलॉजिस्ट शेवटच्या खुर्च्यांवर बसले होते. त्या दोघांतल्या एकाची नोकरी त्या दिवशी जाणार की राहणार, हे माझ्या बेरजेवर होतं, आणि बेरीज कशी करायची यावर मी आदल्या दिवसापर्यंत तीन वेळा मत बदललं होतं.

पेशंटनं मोजलं तर सातारा जड. स्लाइडीनं मोजलं तर सांगली जड. वजनानं मोजलं तर ते सांगूच नका. शेवटी मी वेळेचा तक्ता वाचला. डॉक्टर उमांचा तो मंगळवार, सगळे रकाने मिळून, सव्वीस तास दहा मिनिटं.

खोलीत हसणं सुरू झालं. मी समजावून सांगायला लागलो की खिडकी आणि विचार एकाच वेळी चालू होते, आणि भाकरीची वेळही त्यात आहे. भाकरी म्हटल्यावर हसणं वाढलं. एक सदस्य म्हणाले की चोवीस तासांच्या दिवसात सव्वीस तास बसवणारा काटा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि सबनीस काट्यावर होते हे आता लक्षात आलं. एकतीस वर्षं लोकांनी जो शब्द गिळला होता तो निवृत्तीनंतर अखेर बाहेर पडला. मी कागद खाली ठेवले आणि बसलो.

तेव्हा सर्जन डॉक्टर दिग्विजय उठले. ते कमिटीवर आहेत हे मला माहीत होतं, आणि ते काय बोलतील याची मला धास्ती होती. त्यांनी हरणाबाईंचं नाव न घेता सगळी गोष्ट सांगितली. त्या मंगळवारी आपण दारात जाऊन आवाज चढवला होता, हेही सांगितलं. बुधवारी घाईघाईनं 'कॅन्सर' लिहिलेला कागद हातात पडला असता, तर गुरुवारी आपण त्या बाईंचं नको ते ऑपरेशन करून बसलो असतो, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"सबनीस, ते काम तुमच्या तक्त्यात किती धरलंय?"

मी पानं उलटली. वजनाचा तक्ता, शून्य. बरण्या, एक. पेशंट, एक. तिथं सांगली आणि सातारा यांच्यात वाद नको म्हणून मी पेन्सिलीनं अर्धा-अर्धा केला होता, तो खोडला.

"एक," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. हंबीररावांनी चष्मा पुसला. पुढची चर्चा लांबली, पण तिचा सूर बदलला होता. दोघांपैकी कुणालाही कमी करायचं नाही, सांगलीला आठवड्यातून तीन दिवस आणखी एक डॉक्टर द्यायचा, आणि अवघड स्लाइडी दोघांनी एकमेकांना दाखवण्याची कायमची सोय करायची, असं ठरलं. डॉक्टर उमांनी शेवटच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघून मान हलवली. मयूरींनी चहा आणला, आणि माझा कप त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला.

मी चौऱ्याऐंशी पानं बगलेत मारून बाहेर पडलो, तर हंबीरराव गाडीशी थांबलेले होते.

"सबनीस, ठराव झाला खरा, पर फायलीला कागद लागतोय. ही तुमची पोथी कोण वाचणार? थोडक्यात एका वळीत लिवा आणि सही करा."

महिनाभराच्या गोंधळानंतर पहिल्यांदाच मला काहीतरी स्वच्छ दिसत होतं. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि एका दमात लिहिलं, 'दोन्ही डॉक्टर भरपूर काम करतात.' सही केली. खाली तारीख घातली. आयुष्यातली माझी सर्वांत अचूक पावती, असं मला वाटलं.

हंबीररावांनी ती ओळ दोनदा वाचली. मान डोलावली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"ब्येस. पर भरपूर म्हंजे किती?"